गुंबेई दार वाजवतो

“फाऊल,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्या टेबलावरच्या पानावर बोट आपटलं.

“अप्पा, ही लढाई आहे. लढाईत फाऊल नसतो.”

“मागून येऊन मारलंय की त्यानं. मला काय दिसत नाही होय? हा टकल्या. काढ बाहेर ह्याला.”

“मी कशी काढू? चित्रं काढणारे जपानमध्ये आहेत.”

“मग त्यांना कळव.”

शनिवारची दुपार होती. अप्पा अंगात बनियन आणि बनियनवर शिट्टी अशा वेषात माझ्या खोलीत उभे होते. पंच म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. आत येताना त्यांनी दार वाजवलं नव्हतं. ते कधीच वाजवत नसत. दार लोटलेलं असलं तर ते गुडघ्याने उघडत आणि लावलेलं असलं तर “हे कोण लावलं?” असं बाहेरून ओरडत.

अप्पा म्हणजे भूपाल मगदूम. जयसिंगपुरातल्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक आणि आसपासच्या सगळ्या स्पर्धांत कबड्डीचे पंच. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, त्यांचा निर्णय चुकत नाही. दोन, निर्णय का दिला असं विचारणाऱ्याची धडगत नाही. मैदानावर ते सगळ्यांना एकाच नावाने हाक मारत. बैल. कर्णधार असो, सरपंच असो, बक्षीस द्यायला आलेले पाहुणे असोत. पाहुण्यांना फक्त ‘अहो’ लावत.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. जपानी शिकले, वर्षभर तिकडे राहून आले, पुण्यातल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करून कंटाळले आणि घरी परत येऊन वरच्या खोलीत एक मांगा मराठीत आणत बसले. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते. पहिला भाग पार्सलने आला तेव्हा अप्पांनी तो दोन्ही बाजूंनी उघडून पाहिला आणि म्हणाले, “बांधणी उलटी झालीय. परत कर.”

गोष्ट नऊ भागांची होती. नायक गुंबेई. पुढचा एक दात तुटलेला, तलवार स्वतःपेक्षा उंच आणि भाड्याने लढायला तयार असलेला. पहिल्या भागात तो एकही दार हाताने उघडत नाही, लाथेने उघडतो. दुसऱ्या भागात एका मीठविक्या म्हाताऱ्याला वाचवायला तो उशिरा पोहोचतो आणि म्हाताऱ्याची नात कोहारु त्याच्या गळ्यात पडते. मग हा राक्षस त्या पोरीला मिठाच्या टोपलीत बसवून पाठीवर घेऊन हिंडतो. तिसऱ्या भागात ती तापाने फणफणते, गुंबेई वैद्याच्या दारावर लाथ घालतो आणि ते दार वैद्याच्याच पायावर पडतं. मग आधी वैद्याला औषध द्यावं लागतं. पाचव्या भागात तो भात शिजवायला शिकतो, म्हणजे करपवायला. आणि सहाव्या भागात, बर्फ पडत असताना, एका अनोळखी घरासमोर तो पाय उचलतो, पाठीवर झोपलेल्या पोरीकडे बघतो, पाय खाली ठेवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवतो. चित्रकाराने त्या प्रसंगाला पूर्ण पान दिलं होतं. एक मूठ आणि एक दार. बाकी काही नाही.

“आत माणसं आहेत हे माहीत असताना वाजवायचं कशाला?” त्या पानावर अप्पांचा निर्णय.

आईचं मत वेगळं होतं. जैनाच्या घरात बसून लेक माणसं कापण्याचं काम करते याचं तिच्या मनावर ओझं होतं. मंदिरातून आली की ती जिन्यातूनच विचारायची, “आज मारलं का गं कुणाला?” सहाव्या भागाच्या शेवटी गुंबेईने तलवार विहिरीत टाकली त्या दिवशी तिने शिरा केला. नंतर त्याच्या हातात फक्त नावेचं वल्हं उरलं. “वल्ह्याने लागत नाही ना फार?” एवढंच ती अधूनमधून विचारून घ्यायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीला माझा गुंबेई मेलेला होता. ‘तू येथून त्वरित निघून जा, अन्यथा परिणाम गंभीर होतील,’ असं तो बोलायचा. हातात सहा फुटी तलवार आणि तोंडात नगरपालिकेची नोटीस. महिनाभर मी डोकं फोडत होते. मग एका सकाळी खालून आवाज आला. कुणीतरी आमच्या फाटकासमोर मोटरसायकल लावली होती.

“ए बैला! दार आहे का वखार आहे ही? काढतोस, का उचलून ओढ्यात टाकू?”

मी ते तसंच्या तसं गुंबेईच्या तोंडच्या संवादाच्या फुग्यात टाकलं, फक्त मोटरसायकलचा घोडा केला. बसलं. फुग्याच्या कडांपर्यंत बरोबर बसलं. त्या दिवसापासून मी खिडकी उघडी ठेवून काम करू लागले. अप्पा दूधवाल्याला काय म्हणाले, वीज कंपनीला फोनवर काय म्हणाले, टीव्हीवरच्या सामन्यातल्या पंचाला काय म्हणाले, सगळं गुंबेईच्या तोंडी गेलं. भाग निघत गेले. प्रकाशकांचा पुण्याहून फोन आला, वाचक खूश आहेत. एका बाईंनी तर कळवलंय की हा आमच्या सासऱ्यांसारखाच बोलतो, तुमची ओळख आहे का.

अप्पांना यातलं काही मी सांगितलं नव्हतं. मी त्यांना पानं वाचून दाखवायची आणि ते तोंड वाकडं करायचे. “किती उद्धट आहे गं हा! मोठ्यांशी असं बोलतात होय? आणि सारखं बैल, बैल. दुसरा शब्द येत नाही का ह्याला? आईबापानं वळण लावलं नाही.” स्वयंपाकघरात आई पदर तोंडात धरून हसायची.

तर ती शनिवारची दुपार. नववा भाग, म्हणजे शेवटचा. टकल्याचा फाऊल नाइलाजाने माफ करून अप्पा खुर्चीत बसले. “शेवट वाच. झालाय ना?”

झाला होता. मला त्याचा अभिमानही होता. कोहारु मोठी झालीय, वैद्यकी शिकायला समुद्रापलीकडच्या शहरात चाललीय. ती नावेत बसलेली. गुंबेई किनाऱ्यावर. मी घसा साफ केला आणि वाचलं, “‘जा बाळा. तुझ्या वाटेवर सदैव उजेड असो. माझ्या काळोख्या आयुष्यातली तू एकुलती एक पणती होतीस.’”

अप्पा पानावर वाकले. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

“हे कोण बोललं?”

“गुंबेई.”

“कुठला? आपला?”

“आपलाच.”

“मधे मेला होय तो? त्याच्या जागी हा गॅदरिंगचा निवेदक कोण आणून उभा केलास?”

“अप्पा, तो बदललाय. नऊ भाग लागलेत त्याला. परिपक्व झालाय तो.”

“आंबा आहे का? माणूस बदलला म्हणजे त्याचा आवाज बदलतो होय? आठ भाग बैल बैल करणारा माणूस नवव्यात पणती म्हणेल? त्या पोरीला वाटेल ह्याला ताप आलाय. नावेतनं उतरून नाडी बघेल त्याची.” त्यांनी पान स्वतःकडे ओढलं. “जपानीत काय लिहिलंय?”

मी जरा घुटमळले. “जपानीत एकच शब्द आहे. ‘जा.’”

“आणि तू एवढा फापटपसारा?”

“मराठीत नुसतं ‘जा’ कोरडं वाटतं.”

“असू दे की कोरडं. पाय बघ त्याचे.”

“काय?”

“पाय, पाय!” त्यांनी शेवटच्या तीन चित्रांवर टकटक केलं. “पंचाचे डोळे कुठं असतात? पायावर. चढाईवाला कबड्डी कबड्डी म्हणत असतो, म्हणून काय मी त्याच्या तोंडाकडे बघत बसतो?”

“दम तुटला की नाही ते ऐकावं लागतं ना?”

“ते कानानं. डोळे पायावर. आता बघ. तोंडानं ‘जा’ म्हणतोय. आणि हे पाणी. ह्या चित्रात घोट्यापर्यंत. ह्यात पोटरीपर्यंत. ह्यात चप्पल वाहून चाललीय लेकाची, तरी हललाय का जागचा? नाही. त्या चित्रकारानं एवढं काढून ठेवलंय आणि तू वर माईक लावायलीस.”

तोवर त्या चित्रातली गवती चप्पल माझ्या नजरेतून सुटली होती. पण ते कबूल करायला मी तयार नव्हते. भाषांतर माझं होतं, जपानीची परीक्षा मी दिली होती.

“तू जपानला गेलीस,” अप्पा म्हणाले, “तेव्हा स्टँडवर मी काय म्हटलं होतं?”

“म्हणालात, बॅगेची चेन उघडी आहे, डोळे फुटलेत का.”

“मग?”

“मग काय?”

“उघडी होती की नाही?”

“होती.”

“झालं तर.”

मला तो दिवस आठवला. पुण्याची बस. आईने दिलेला पराठ्यांचा डबा, त्यावर ‘तिकडे काही खाऊ नकोस’ अशी अशक्य सूचना. बस निघाली आणि मी मागच्या काचेतून पाहिलं. अप्पा फलाटाच्या खाली, बसच्या जागेतच उभे होते. दुसरी बस त्या जागेत यायला बघत होती, ड्रायव्हर जोरजोरात हॉर्न देत होता, कंट्रोलर केबिनमधून हात हलवत होता, आणि अप्पा हलत नव्हते. ड्रायव्हरकडे न बघता त्यांनी फक्त शिट्टी फुंकून त्याला थांबायची खूण केली होती. आमची बस वळेपर्यंत ती दुसरी बस तशीच थांबलेली होती.

तरी मी म्हणाले, “प्रत्येकाला पाय बघता येत नाहीत, अप्पा. काही माणसांना ऐकायचंही असतं.”

मी हे जरा मोठ्याने म्हणाले असेन. खाली आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आऊट दिल्यावर वाद घालणाऱ्या खेळाडूकडे ते जसं बघायचे तसं नाही. ही नजर मला ओळखता आली नाही. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. “तुझं पुस्तक. कर काय करायचं ते,” म्हणाले आणि गेले. जाताना दार गुडघ्याने ढकललं, ते भिंतीवर आपटून परत आलं.

मी संध्याकाळपर्यंत त्या फुग्याकडे बघत बसले. प्रकाशकांना सोमवारी पानं हवी होती. फोनवर त्यांना पणती फार आवडली होती. “वाचक रडतील,” ते म्हणाले होते.

ऊन कलल्यावर कधीतरी माझ्या दारावर प्रचंड धडाका झाला. एक, दोन, तीन. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मला वाटलं, जिन्यात काहीतरी कोसळलं. बघते तर दार सताड उघडं होतं आणि उघड्या दाराच्या फळीवर मूठ ठेवून अप्पा बाहेर उभे होते. हाताला बागेची माती.

“दार उघडंच आहे, अप्पा.”

“दिसतंय मला. वाजवलं.”

“मग या की आत.”

“नको. पायाला चिखल आहे.” ते उंबऱ्याबाहेरच राहिले. पंजाची मूठ उघडून त्यांनी बोटं पाहिली. बहुतेक दुखली असावीत. वाजवायची सवय नव्हती, किती जोर लावायचा ते माहीत नव्हतं.

“तो बैल,” ते म्हणाले. “तो मीच ना?”

मी टेबलावरची पानं सारखी करू लागले. “कशावरून?”

“घोडा ओढ्यात टाकू म्हणतोय. पहिल्याच भागात. मोटरसायकलवाल्या पोराला मी काय म्हटलं होतं?”

आठ भाग. आठ भाग त्यांनी तोंड वाकडं करून ऐकलं होतं.

“मग उद्धट आहे, वळण नाही, असं कशाला म्हणत होता?”

“आहेच उद्धट. खोटं बोलू होय?” त्यांनी नाक पुसलं, मिशीला माती लागली. “भात मात्र मी कधी करपवला नाही.”

“तुम्ही भात कधी केलाच नाही, अप्पा.”

“तेच म्हणतोय मी.” मग पुन्हा, आवाज तोच, फाटका आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणारा, “सांग की. मीच ना तो?”

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. माझ्या हातात नऊ भागांचा गठ्ठा होता, त्यातल्या प्रत्येक पानावर तेच बोलत होते. पण आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती आणि ती पद्धत पाळायला मीही तेवढीच पक्की शिकले होते.

“सूर्य बुडायला आला, अप्पा,” मी म्हणाले. “आई ताटं वाढून थांबली असेल.”

आम्ही सूर्यास्ताच्या आधी जेवतो. तेव्हा हे उत्तर बिनचूक होतं.

“हं,” अप्पा म्हणाले आणि खाली गेले. जेवताना लोणच्यावरून आईला बोलले, बातम्यांवरून टीव्हीला बोलले, मला म्हणाले, “पाठीत वाकून बसतेस. कुबड येईल.” आडवे होण्यापूर्वी शिट्टी नेहमीसारखी खिळ्याला लावली. मी वर जाऊन पणती, उजेड आणि काळोख खोडले आणि फुग्यात ‘जा’ लिहिलं. मोठ्या फुग्यात एवढंसं अक्षर. आजूबाजूला भरपूर पांढरं. म्हटलं, सकाळी दाखवू.

सकाळी अप्पा मैदानावर गेले होते. पोरांचा सराव चालू होता आणि ते कडुनिंबाखालच्या आपल्या बाकावर होते. एका चढाईवाल्याला त्यांनी ओरडून सांगितलं, “पाय, बैला, पाय!” त्याने पाय ओढून घेतला, रेषा वाचवली आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. अप्पा काही बोलले नाहीत. शाबासकी ते तशीही देत नसत, म्हणून बराच वेळ कुणाला काही कळलं नाही.

शोकसभा त्याच मैदानावर झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, पण खेळाडू रेषा सोडून मातीतच बसले. अप्पा असते तर रेषेवर बसू दिलं नसतं.

टेबलावर फोटो होता. आमच्या घरी अप्पांचे जेवढे फोटो होते त्या सगळ्यांत ते फोटो काढणाऱ्यावर चिडलेले दिसत. म्हणून रावसाहेब खोतांच्या भाच्याने संगणकावर त्यांच्या ओठांची टोकं वर उचलली होती. हाराआडून अप्पा गोड हसत होते. आई फोटोजवळ गेली, बारकाईने बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, “हे कोण गं?”

रावसाहेब अप्पांचे जन्माचे सहपंच. तीस वर्षं रेषेच्या एका टोकाला अप्पा आणि दुसऱ्या टोकाला हे. तेच पहिले बोलले. “मगदूम सरांची वाणी म्हणजे मध. त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द म्हणून बाहेर पडला नाही.” मातीत बसलेल्यांत कुणाला तरी ठसका लागला. मग नगरसेवक उठले. सरांचं मन फुलासारखं होतं म्हणाले. त्यानंतरच्या गृहस्थांनी सरांना शांत सरोवराची उपमा दिली. खेळाडू खाली माना घालून बसले होते. दुरून दुःख वाटावं असे त्यांचे खांदे हलत होते.

मी त्या हसऱ्या फोटोकडे बघत होते. गॅदरिंगचा निवेदक. पणतीवाला. मी जे आठवडाभर केलं होतं तेच ही माणसं करत होती आणि तेवढ्याच प्रेमाने.

“घरच्यांपैकी कुणी बोलणार का?” रावसाहेबांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं होतं. मी उठले तेव्हा ते दचकले.

“मगदूम सर मधासारखे नव्हते,” मी म्हणाले. माईकने कर्कश आवाज केला. तो त्यांना शोभलाही. “त्यांनी ज्यांना ज्यांना बैल म्हटलंय, त्यांनी हात वर करा.”

कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला. मग आठ-दहा. मग सगळी मातीच हातांची झाली. नगरसेवकांनी इकडेतिकडे बघितलं आणि कानामागे खाजवल्यासारखं करून अर्धा हात वर केला. “मला ‘अहो बैल’ म्हणाले होते,” ते हळूच म्हणाले. रावसाहेबांनी एक हात वर केला, थोडा विचार केला आणि दुसराही वर केला. आणि बायकांच्या रांगेत आईचा हात वर होता, दुसऱ्या हाताने पदर तोंडात धरलेला.

मग जे हसणं सुरू झालं ते आवरायला वेळ लागला. हसता हसताच काही जण रडले आणि ते कुणाला वेगळं कळलं नाही.

“मी एक पुस्तक करतेय,” मी म्हणाले. “त्यात एक लढवय्या आहे. आधी तो दारं लाथेने उघडतो. शेवटी वाजवून आत जातो. मधल्या काळात त्याचं सगळं बदलतं, फक्त बोलणं तेवढं बदलत नाही. ते मी बदलायला निघाले होते. अप्पांनी फाऊल दिला.”

कडुनिंबाखाली त्यांचा बाक रिकामा होता. त्या दिवशी तिथे कुणी बसलं नव्हतं. बाकाखालच्या मातीत दोन खळगे होते, वर्षानुवर्षं तिथेच पाय टेकून, सामना रंगला की टाचा घासून झालेले. फोटोकडे बघून मला बोलता आलं नसतं. मी त्या खळग्यांकडे बघितलं.

“शनिवारी त्यांनी मला एक विचारलं होतं. दोनदा विचारलं. मी म्हणाले, जेवायला चला.”

मी माईक बाजूला केला. त्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायला माईक लागत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

“हो, अप्पा,” मी मोठ्याने म्हणाले. “तो बैल तुम्हीच.”